झोपेत सात मैल

माणसाच्या हाती किती तास उरले आहेत हे एका परमेश्वरालाच ठाऊक असतं. परमेश्वराला आणि मला. मी कॉटनवुड बेंडमधल्या एका मालवाहतूक कंपनीच्या मागच्या खोलीत बसतो. समोरच्या दोन स्क्रीनवर बत्तीस ड्रायव्हरांचे उरलेले तास मिनिटांसकट दिसतात. परमेश्वराला मिनिटं लागत नसावीत. आमच्या विमावाल्यांना लागतात.

नियम सोपा आहे. दहा तास विश्रांती झाली की ड्रायव्हरचा दिवस सुरू होतो. पुढच्या चौदा तासांत त्याने जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवायची आणि चौदा संपले की पुन्हा दहा तास विश्रांती. या चौदा तासांची खासियत अशी की ते एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. जेवलात, गोदामाच्या दाराशी पाच तास रांगेत उभे राहिलात, डोळे मिटायला लागले म्हणून रस्त्याकडेला तासभर आडवे झालात, तरी ते आपले चालूच. म्हणजे झोप येत असताना झोपलात तर दिवस बुडतो, आणि येत नसेल तेव्हा दहा तास झोपावंच लागतं. ड्रायव्हर दमू नयेत म्हणून हा नियम केलेला आहे.

तो पाळला जातो का हे बघायला प्रत्येक केबिनमध्ये इंजिनाला जोडलेली एक पेटी असते. पूर्वी वह्या होत्या. वह्यांत ड्रायव्हर जे लिहीत त्याला ललित वाङ्मय म्हणायला हरकत नव्हती. पेटीला कल्पनाशक्ती नाही. चाकं ताशी पाच मैलांच्या वर फिरली की ती नोंदवते, 'चालवतोय'. पाचच्या आत फिरली तर तिच्या लेखी गाडी उभी, आणि ड्रायव्हर आधी जे करत होता तेच करतोय. झोपला असेल तर झोपलेलाच. पेटी बसवली त्याच आठवड्यात ड्रायव्हरांनी हे शोधून काढलं. तेव्हापासून ट्रक थांब्यांच्या आवारात ही एवढाली धुडं ताशी चार मैलांनी सरपटताना दिसतात. आत स्टिअरिंग धरून बसलेला माणूस कायद्याने गाढ झोपेत असतो.

एव्हरेट टॉलिव्हर मात्र कायद्याने जागा असताना गेला.

मे महिन्यातला गुरुवार होता. दुपारी चार वाजून एकवीस मिनिटांनी, लख्ख उन्हात, सरळ रस्त्यावर, त्याची गाडी हळूहळू उजवीकडे गेली आणि पुलाच्या कठड्याला धडकली. ब्रेक लावल्याची खूण नव्हती. त्याचे चौदा साडेपाचला संपणार होते. चालवण्याचेही तास शिल्लक होते. सार्जंट ओचोआ नावाच्या ज्या पोलीस अधिकारी बाई चौकशीला आल्या, त्या मला फोनवर म्हणाल्या, "इतक्या स्वच्छ नोंदी मी या वर्षात पाहिल्या नाहीत."

त्यांना मी एक गोष्ट सांगितली नाही, कारण त्यांनी ती विचारली नाही. दोन वाजता एव्हरेटचा फोन आला होता.

"मास्तर," तो म्हणाला. मी कॉलेजात गेलेलो असल्यामुळे सगळे मला मास्तर म्हणतात, आणि त्यात कौतुक नसतं. "मास्तर, तासभर डोळा लावू का रे?"

"लाव की. फक्त तुझे चौदा साडेपाचला संपतात आणि माल उतरवायचं ठिकाण तीन तासांवर आहे."

"म्हणजे नको म्हणतोस."

"मी तसं म्हटलेलं नाही. मी आकडे सांगतोय."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढच्या बुधवारी दुपारी तीनला अंत्यसंस्कार ठरला. तो नेमका तपासणीच्या आठवड्यात आला. वर्षातून एकदा सगळ्या देशात तीन दिवस रस्तोरस्ती ट्रक अडवून तपासतात, आणि त्याच्या तारखा दोन महिने आधी जाहीर करतात. त्या तीन दिवसांत आमच्या ड्रायव्हरांच्या दाढा दुखतात, कुंपणं रंगवायला येतात, लांबच्या मावश्या आजारी पडतात. ज्यांच्या गाडीत काडीची खोट नाही तेही घरी बसतात. म्हणतात, शोधायलाच बसलेल्या माणसाला काहीतरी सापडल्याशिवाय तो उठत नाही. परिणामी एव्हरेटच्या अंत्यसंस्काराला अठरा ट्रक आले. दुसऱ्या कुठल्याही आठवड्यात तिघं आले असते, आणि त्यातल्या एकाचे तास संपलेले असते.

आमच्याकडे रीत आहे. ड्रायव्हर गेला की त्याची शवपेटी दफनभूमीपर्यंत ट्रकवरून न्यायची, मागे बाकीच्यांचे ट्रक, आणि फाटकाशी सगळ्यांनी भोंगे वाजवायचे. एव्हरेटचा स्वतःचा ट्रक आता नेण्याजोगा राहिला नव्हता. त्याची बायको आर्डिथ, डेल्मार क्राउस या आमच्या जुन्या ड्रायव्हरला म्हणाली, "तू ने त्याला. तुझ्या उघड्या गाडीवरून." डेल्मार चौतीस वर्षं ट्रक चालवतोय आणि चौतीस वर्षांत त्याच्या नावावर एकही डाग नाही. हे तो स्वतः सांगतो, विचारलं नाही तरी. तो आणि एव्हरेट एकाच महिन्यात कामाला लागले होते. तो म्हणाला, "नेतो." विषय संपला.

बुधवारी डेल्मार परत येत होता. त्याने शेतीचे पाइप पोचवले होते, पण तिथला क्रेनवाला न्याहारीला गेला आणि चार तास न्याहारी करत बसला. त्यामुळे दुपारी बारा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी, मोठ्या रस्त्यावरून आमच्या गावाकडे उतरायच्या फाट्याशी जो विश्रांतीचा थांबा आहे तिथे, डेल्मारचे चौदा तास संपले. चर्च तिथून सात मैलांवर आहे.

मी माझी मोटार घेऊन गेलो. गाडीच्या मोकळ्या पाठीवर त्याने लाकडाची घडवंची ठोकून घेतली होती, शवपेटी हलू नये म्हणून. आरशांना काळ्या फिती बांधल्या होत्या. स्वतः पायरीवर बसून काळे बूट घालत होता.

"चल, बस माझ्या गाडीत," मी म्हणालो.

"आणि एव्हला काय तुझ्या डिकीत घालायचा?"

"क्लेटस यायला तयार आहे. त्याचे तास आहेत. तो आणेल ट्रक."

"क्लेटस माझ्या गाडीला हात लावणार? त्यापेक्षा हातगाडीवरून न्या. मी तिला सांगितलंय, मी नेतो म्हणून." त्याने दुसरा बूट घातला. "ते खासगी वापराचं बटण दाब ना तुझ्याकडून. सुट्टीवर असताना माणसाला स्वतःच्या कामाला ट्रक नेता येतो, असं कायदाच म्हणतो."

कायदा तसं म्हणतो. ते बटण कंपनीत मीच गेल्या वर्षी बंद करून घेतलं होतं, कारण ड्रायव्हर ते खासगी कामासाठी वापरायला लागले होते. मी पेटीवाल्यांना फोन लावून पाहिला होता. चालू करून मिळेल म्हणाले. चोवीस तास लागतात.

डेल्मारने ऐकून घेतलं आणि टाय सारखा केला. "ठीक आहे. चढ वर."

"डेल्मार, तुझे तास संपलेत."

"मी कुठे चालवतोय? मी झोपलोय." त्याने पेटीकडे बोट दाखवलं. तिच्यावर 'विश्रांती, बिछान्यात' असं होतं. "सात मैल, ताशी चार. पावणेतीनला पोचतो. तुझ्या बायकोलाही चर्चमध्ये यायला एवढा वेळ लागतो."

नोकरी सांभाळायची तर मी त्याला तिथेच अडवायला हवं होतं. मी वर चढलो.

ताशी चार मैल म्हणजे काय, हे पायी चालणाऱ्याला कळतं. ट्रकमध्ये बसून ते सोसावं लागतं. वाटेत कुत्रं फिरवायला निघालेल्या एक वयस्कर बाई आम्हाला मागे टाकून गेल्या. पुढे कुत्रं एका खांबाशी रेंगाळलं तेव्हा आम्ही त्यांना गाठलं. बाईंनी हात केला, डेल्मारने टोपी उचलली. मग त्या परत पुढे गेल्या. पेरणीचं अवजार ओढणारा एक ट्रॅक्टर मागून आला आणि शेतकरी ओरडला, "काय रे, बंद पडला का?"

"झोपलोय!" डेल्मारने खिडकीतून सांगितलं.

शेतकऱ्याने यावर विचार केला आणि ओलांडून गेला.

मैलभर कोणी बोललं नाही. त्याला पंधरा मिनिटं लागतात. मग डेल्मार रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "त्या दिवशी मला फोन आला होता त्याचा. तुझ्यानंतर लगेच."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, डोळे उघडे राहत नाहीत. झोपू का तासभर."

"मग?"

डेल्मारने उत्तर द्यायला एक शेत घेतलं. कोवळा मका होता, वीतभर आलेला. "मी म्हटलं, मास्तर काय म्हणतो? तो म्हणाला, मास्तर काहीच म्हणत नाही, आकडे सांगतो. मी म्हटलं, मग आकड्यांप्रमाणे जा. पोचशील पाचला. पोचलास की दहा तास झोप." मग तो म्हणाला, "चौतीस वर्षं माझ्या नावावर डाग नाही, मास्तर."

बोलण्यासारखे माझ्याकडे आकडेच होते.

"तिला सांगितलंस तू?" त्याने विचारलं.

"नाही. तू?"

"मी एवढंच सांगितलं, की मी नेतो."

साडेचार मैलांवर धान्याच्या कोठारापाशी सार्जंट ओचोआ उभ्या होत्या. मोठ्या रस्त्यावरच्या तपासणी नाक्याला आमचे लोक खुराडं म्हणतात, आणि खुराडं चुकवायला याच आडरस्त्याने जातात. हे ओचोआबाईंना माहीत आहे. त्यांनी हात वर केला. थांबायला आम्हाला फारसं काही करावं लागलं नाही.

"नमस्कार, क्राउस. कागद." मग पेटी पाहिली. बराच वेळ पाहिली. "या पेटीप्रमाणे तुम्ही बारा एक्केचाळीसपासून झोपलेले आहात."

"हो मॅडम."

"तुमचे डोळे उघडे आहेत."

"वय झालं. नीट मिटत नाहीत."

"आणि ही गाडी फाट्यावरच्या थांब्यावर उभी आहे."

"मग उभ्या गाडीला तुम्ही थांबवलंत कसं?"

मला वाटलं, आता संपलं. गाडी इथेच जप्तीत, दहा तास इथेच मुक्काम, चौतीस वर्षांवर शाई, आणि एव्हरेट क्लेटसच्या बंद ट्रकमधून, जो आदल्या दिवशी कोंबड्यांचं खाद्य वाहून आला होता. ओचोआबाईंनी मागे जाऊन घडवंची पाहिली. आरशाची फीत दोन बोटांत धरून पाहिली. मग अंगावर निळा डगला चढवला, विजेरी घेतली आणि सतरंजीसारखी एक पट्टी अंथरून सरळ गाडीखाली शिरल्या.

"मॅडम," डेल्मार वाकून म्हणाला, "तीनला पोचायचंय."

"ब्रेक दाबा," खालून आवाज आला. "सोडा. परत दाबा."

पूर्ण तपासणी झाली. ब्रेक, टायर, जोडणी, स्टिअरिंग, साखळ्या, आग विझवायचं नळकांडं. अर्धा तास गेला. डेल्मार काळे बूट आणि पांढरा शर्ट घालून चाकापाशी उभा होता आणि दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघत होता. एरवी तपासणी चालू असताना तो शेरेबाजी करत उभा राहतो. एकदा एका अधिकाऱ्याला त्याने विचारलं होतं, की माझ्या दाताची भरणी पण बघता का. आज एकही शेरा नाही.

ओचोआबाई बाहेर आल्या. "डावीकडचा मागचा दिवा गेलाय."

डेल्मारने धावत जाऊन खोक्यातला दिवा काढला आणि बदलला.

त्या लिहीत होत्या. मी जवळ गेलो. "आणि तासांचं?"

"तासांचं पेटी जे सांगते ते लिहिते," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मागच्या गुरुवारीही तेच लिहिलं होतं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याच्या फोनवर शेवटचे दोन कॉल होते. एक तुमचा नंबर होता."

"हो."

"अहवालात फोनचा रकाना नाही." त्यांनी कागद फाडून डेल्मारला दिला.

अडीच वाजून गेले होते. अडीच मैल उरले होते. डेल्मारने खिडकीतून विचारलं, "मॅडम, आता एवढ्यापुरता ताशी तीसने जाऊ का? पाच मिनिटांचं काम आहे."

"पाचच्या वर गेलात तर तुम्ही जागे व्हाल, क्राउस. आणि जागे झालात तर मला तुम्हाला इथेच दहा तास झोपवावं लागेल."

त्यांनी स्वतःची गाडी काढली आणि दिवे लावून आमच्या पुढे चालू लागल्या. ताशी चार मैलांनी. तेवढ्या सावकाश पोलिसांची गाडी चालताना मी पहिल्यांदा पाहिली. तिचं इंजिन मध्येच एकदा बंद पडलं.

आम्ही तीन वाजून तेरा मिनिटांनी पोचलो. अठरा ट्रक ओळीने उभे होते आणि अठरा ड्रायव्हर सूट घालून, सुटाच्या खिशात हात घालून, पोलिसांच्या गाडीकडे ज्या नजरेने बघायचं त्या नजरेने बघत होते. पाद्रीबुवांना चारला दुसरीकडे लग्नाची तालीम होती आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आर्डिथ पायरीवर उभी होती.

"उशीर झाला," डेल्मार म्हणाला.

"होऊ दे," ती म्हणाली. "त्याला आता कुठे माल उतरवायचाय."

शवपेटी घडवंचीवर नीट बसली. पट्टे डेल्मारनेच आवळले, आणि प्रत्येक पट्टा दोनदा ओढून पाहिला. मग आम्ही दफनभूमीकडे निघालो. पुढे ओचोआबाई, मग डेल्मार, मागे अठरा. ताशी चार मैल. अंत्ययात्रा याच वेगाने जाते, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही. फाटकाशी भोंगे वाजले. एकोणीस भोंगे एकदम वाजले की छातीच्या पिंजऱ्यात कळतं. आर्डिथने कानांवर हात ठेवले नाहीत.

नंतर चर्चच्या तळघरात खाणं होतं. हॅमची सँडविचं, चीज घालून भाजलेले बटाटे, थरथरणारी हिरवी जेली. आर्डिथ ताटली न घेता माझ्यापाशी आली.

"मास्तर, त्याच्या नोंदी तू बघितल्यास ना?"

"बघितल्या."

"कशा होत्या?"

"स्वच्छ. एक मिनिट इकडे तिकडे नाही."

"म्हणजे त्याची काही चूक नव्हती."

"काही नव्हती."

तिने माझ्या ताटलीकडे पाहिलं. "मग कुणाची होती रे?"

खरं सांगायला हीच जागा होती. मी तोंड उघडलंही. पण पलीकडच्या टेबलावरून डेल्मार आमच्याकडे बघत होता, हातातलं सँडविच तसंच होतं, आणि मला कळलं की माझं सांगायचं तर अर्धं त्याचं सांगावं लागेल. मी म्हणालो, "कुणाची नोंद नाही झाली."

ती मान हलवून बटाटे वाढायला गेली.

डेल्मार आला. काल रात्री दहा एक्केचाळीसला त्याचा दिवस सुरू झाला होता. तेव्हापासून तो एक मिनिट झोपला नव्हता. डोळ्यांखाली निळं झालं होतं. "उद्याचा माल सकाळी आठला पोचवायचाय ना? आज रात्री दहा एक्केचाळीसला माझे दहा तास भरतात. पेटीप्रमाणे मी ताजातवाना."

"भरतात."

"मग निघू का?"

मी आकडे सांगणार होतो. ते तोंडात तयार होते. माझ्या तोंडात ते नेहमीच तयार असतात. "नको," मी म्हणालो. "घरी जा. झोप."

"हे आकड्यांत कुठे बसतं?"

"कुठेच नाही. मी नको म्हणतोय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता विचारेल, हे आधी का नाही सुचलं. विचारलं नाही. सँडविच टेबलावर ठेवून तो बाहेर गेला आणि ट्रकमध्ये चढून, चर्चच्या आवारातच, मागच्या बिछान्यात झोपला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठला नाही. माल नऊ तास उशिरा पोचला आणि गिऱ्हाइकाचं दोन पानी पत्र आलं. ते मी फायलीला लावलं.

आठवड्याच्या शेवटी मी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या नोंदी तपासायला बसलो. पेटीप्रमाणे, बुधवारी दुपारी एव्हरेटला नेताना डेल्मार बिछान्यात गाढ झोपलेला होता. त्याच्या मागच्या अठरांपैकी अकरा ड्रायव्हर आमच्या कंपनीचे होते. ते सगळे जागेवर उभे होते. मग मी त्याच्या आधीच्या गुरुवारचं पान उघडलं. चार वाजून एकवीस मिनिटांपर्यंत एव्हरेटची रेघ सरळ आहे आणि तिच्यापुढे लिहिलंय, 'चालवतोय'.

त्या तिमाहीत आमच्या कंपनीत तासांच्या नियमाचा एकही भंग झाला नाही. विमावाल्यांनी भिंतीवर लावायचं घड्याळ पाठवलं. त्याला एक सेल लागतो. तो सोबत नव्हता.